हातात देऊ नये

मंडईमागे विळ्या-सुऱ्या बनवणारे दत्तोबा पोस्टात खोकं घेऊन माझ्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "आत विळी हाय."

तीस वर्षं मी या काउंटरवर आहे. पार्सलात काय आहे विचारलं की लोक "घरगुती सामान" म्हणतात आणि छताकडे बघतात. खरं बोलणाऱ्याचा मला आधी संशयच येतो.

"धारदार वस्तू नीट बांधलेली नसेल तर घेत नाही."

"मग बघा की," म्हणत त्यांनी खोकं उघडलं. पात्याला जाड पुठ्ठ्याचं म्यान, त्यावर गोणपाट, वर घट्ट सुतळी. हलवलं तरी आवाज नाही. खोट काढायची माझी फार इच्छा होती, पण सापडली नाही. झाकणावर मात्र ठळक लिहिलेलं: "आत विळी आहे. हातात देऊ नये, उंबऱ्यावर ठेवावी."

"हे काय?"

दत्तोबांचा आवाज उतरला. सुरी हातात दिली की भांडण होतं, खाली ठेवावी, दुसऱ्याने उचलावी, हे ते जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आले. पण लेक उत्कर्षा लग्न होऊन इंदूरला निघाली, तेव्हा रडण्याच्या भरात त्यांनी नवी सुरी तिच्या हातातच दिली. महिन्याभरात बापलेकीचं वाजलं. दोन वर्षं बोलणं बंद. आता तिने पोळीभाजी केंद्र काढलंय. खंडेनवमीला तिच्या पूजेत आपली विळी असावी, एवढंच त्यांचं मागणं.

"अहो, पार्सल सही घेऊन देतात. उंबऱ्यावर ठेवायला ती काय दुधाची पिशवी आहे?"

मी हात पुढे केला, तर त्यांनी खोकं फळीवर ठेवलं. "तुम्ही उचला. तुमच्याशी बी भांडण नको."

मग रोज चौकशीला येऊ लागले. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी माझ्या खिडकीशीच त्यांचा फोन वाजला. कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर चालू.

"बाबा, पोस्टमनने विळी हातातच दिली."

दत्तोबांचा चेहरा पडला. "मी लिहिलं होतं गं..."

"वाचलं. म्हणून तर भांडायला फोन केलाय! दोन वर्षं साधी चौकशी नाही? आणि एवढी धार करतात का? आता गपचूप ऐका."

दत्तोबा बाकावर बसून तासभर बोलणी खात होते. रांगेतल्या कुरकुरणाऱ्यांना मीच गप्प केलं. मधेच फोनवर हात ठेवून ते मला म्हणाले, "लई भांडती हो!" आणि हसत हसत डोळे पुसू लागले.