भिला पगीचा शब्द

शहाद्याकडे ब्राह्मणपुरीच्या पुढे, नदीच्या अंगाला केळी-पपईचं एक गाव आहे. त्या गावच्या शिवाराची राखण एकतीस वर्षं भिलाकडे होती. गुजर शेतकऱ्यांची जुनी पीक संरक्षण सोसायटी आहे, भिला तिचा रखवालदार. शिवाराच्या टोकाला सोसायटीच्याच जागेवर बांधलेली एक खोली त्याला राहायला दिलेली होती. बायको तिथेच गेली, मुलगी तिथूनच सासरी गेली.

रखवालदार हे झालं कागदावरचं. गावात त्याला पगी म्हणत. पगी म्हणजे पाऊल वाचणारा. कापूस चोरीला गेला, कोणाची शेळी सुटली, केळीचे घड कापून नेले, की आधी भिलाला बोलावणं जाई. तो यायच्या आत कोणी बांधावर पाय ठेवायचा नाही, आणि एखादं चांगलं उमटलेलं पाऊल असलं तर त्याच्यावर घमेलं पालथं घालून ठेवायचं, असा गावचा रिवाज होता. भिला यायचा, उकिडवा बसायचा, तंबाखू मळेपर्यंत बघत राहायचा. मग सांगायचा की गडी डाव्या खांद्यावर ओझं घेऊन गेला, चप्पल त्याची स्वतःची नाही, ऊसतोडीच्या कोपीकडे जा. लोक जायचे आणि माल सापडायचा.

त्याच्या शब्दाला वजन आलं ते मात्र दुसऱ्याच कारणाने. जे पाऊल ओळखता आलं नाही, त्याच्याबद्दल तो सरळ सांगायचा, "हाई माले येत नही." एकदा मोठ्या शेतकऱ्याच्या सालदारावर आळ आला होता. सगळं गाव म्हणत होतं तोच, भिला म्हणाला मला येत नाही, आणि त्या एवढ्या बोलण्यावर सालदार सुटला. रतिलालभाई तेव्हा नुकतेच सोसायटीचे चेअरमन झाले होते. भिला हो म्हणाला तर हो, नाही म्हणाला तर नाही, आणि गप्प बसला तर सगळ्यांनी गप्प बसायचं, असं ते चारचौघांत सांगत.

दोन वर्षांपूर्वी भिलाची नजर गेली. एका दिवसात नाही गेली. कडेकडेने अंधार येत गेला आणि मधे मळक्या धुक्यासारखं थोडं उरलं. पुतण्या रूपसिंग त्याला मोटरसायकलवर बसवून शहाद्याच्या डोळ्यांच्या शिबिराला घेऊन गेला. भिलाला वाटत होतं मोतीबिंदू असेल, काढतील. डॉक्टरीणबाई म्हणाली काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नसते, बाबा उशिरा आलात.

परत येताना चहाच्या टपरीवर भिलाने रूपसिंगचा हात धरला आणि याहामोगी मातेची शपथ घालून कबूल करवून घेतलं की हे कोणालाही सांगायचं नाही. कारण साधं होतं. सोसायटीत आधीच कुजबुज सुरू झाली होती की आता जिकडेतिकडे कॅमेरे बसतात, रखवालदार पोसायचा कशाला. नजर गेली म्हटल्यावर काम गेलं असतं, कामाबरोबर खोली गेली असती. आणि पगी म्हणून जो शब्द होता तोही गेला असता. तिसऱ्या गोष्टीची भीती भिलाला पहिल्या दोन्हींपेक्षा जास्त होती, पण ती तो कोणाजवळ बोलला नाही.

रूपसिंग म्हणाला, "राहू दे काका. तू दिवसाना बस बांधवर. रातना मी फिरसू."

तेव्हापासून दिवसा केळी कापायच्या टोळीत राबायचं आणि रात्री काकाची काठी घेऊन शिवाराला फेरी घालायची, असा रूपसिंगचा क्रम झाला. माग काढायलाही तोच शिकला. पहाटे येऊन काकाला सांगायचा, काकाची बोटं धरून पावलावर फिरवायचा. भिलाला टाच, चवडा, भार कुठे पडला ते बोटांनी कळू लागलं. मग दिवस उजाडला की भिला गावात जाऊन तेच सांगायचा. दोन वर्षं कोणाला संशय आला नाही. रूपसिंगची बायको मोगी तेवढी चिडायची. म्हणायची, पगार एकाचा, जागरण दुसऱ्याचं, असा कोणता देव आहे.

मागच्या वर्षी ट्यूबवेलच्या केबली कापण्याचं पेव फुटलं. केबल कापायची, जाळून आतलं तांबं काढायचं, भंगारात घालायचं. एका रात्रीत पाच-पाच मोटारी बंद, आणि ऐन उन्हाळ्यात केळी माना टाकायची. पोलिसांनी गावोगावी ग्रामसुरक्षा दल काढायला सांगितलं. इथे रतिलालभाईंचा पुतण्या योगेंद्र त्याचा प्रमुख झाला. शिकलेला, मेहनती पोरगा. तीस पोरं, शिट्ट्या, बॅटऱ्या, चमकणारी जाकिटं, मोबाईलवर ग्रुप. आठवड्याच्या पाळ्या लागल्या. पहिल्या सभेत भिलाला टोपी-टॉवेल देऊन पुढे बसवलं. मागून कोणीतरी म्हणालं की आबांनी आता निवांत झोपावं, तसेही ते झोपतच असतील. सगळे हसले, भिलाही हसला. पुढे दलातली पोरं बारा वाजले की पांगायची आणि पहाटेचं शिवार एकट्या रूपसिंगवर राहायचं, हे गावात कोणाला माहीत नव्हतं. ते फक्त भिलाला माहीत होतं.

मार्चमध्ये ते घडलं. त्या आठवड्यात शेताची लाईट दिवसाची होती, म्हणजे रात्री तारा मेलेल्या. रूपसिंग शिवाराच्या वरच्या अंगाला असताना खालच्या अंगाच्या सहा मोटारींच्या केबली गेल्या. फेरी मारत तो खाली आला तेव्हा तांबडं फुटत होतं. त्याने माग काढला आणि पळत काकाकडे आला. चार माणसं होती. नदीतून वर आली, नदीतूनच खाली गेली, पलीकडे पिकअप उभी होती. सगळ्यांच्या पायांत बूट होते, एकाने मात्र ठिबकच्या व्हॉल्व्हजवळच्या चिखलात बूट काढला होता. तेवढं एक उघडं पाऊल चांगलं उमटलं होतं. रूपसिंगने ते घमेल्याने झाकलं होतं. भिलाने जाऊन त्याच्यावर बोटं फिरवली. भरलेली टाच, अंगठ्यापेक्षा दुसरं बोट लांब. या शिवारातलं ते पाऊल नव्हतं.

तासाभरात दलाची पोरं आली आणि जिकडेतिकडे फिरली. घमेल्याखालचं सोडून बाकीचे सगळे माग तुडवले गेले.

दहा वाजता रूपसिंगला केळीच्या बागेतून उचलून आणलं. रतिलालभाईंच्या पॅकिंग शेडवर महिन्याभरापूर्वी कॅमेरा लावला होता. त्याच्यात रूपसिंग दिसला होता. त्या रात्री अडीच वाजता, आदल्या रात्री दोनला, त्याच्या आदल्या रात्री तीनला. खांद्यावर काठी, अंगावर घोंगडी. सोसायटीच्या ओट्यावर बसवून त्याला विचारलं, रोज रात्री शेतात काय करत होतास. तो म्हणाला, फिरत होतो. कशाला फिरत होतास म्हटल्यावर गप्प झाला. कोणीतरी एक कानाखाली दिली. तरी त्याने काकाचं नाव घेतलं नाही.

भिलाला निरोप आला. खोलीपासून ओट्यापर्यंत पाऊण मैल. काठीने वाट चाचपत जाताना त्याच्या मनात एकच हिशेब चालू होता. खरं सांगितलं तर रूपसिंग आत्ता सुटेल. माझे डोळे गेलेत, तो माझ्या जागी फिरत होता, एवढी दोन वाक्यं पुरे. पण ती दोन वाक्यं सांगून परत यायचं ते कोणत्या घरात, कोण म्हणून? मग त्याला दुसरी वाट सुचली. पगी म्हणून शब्द टाकायचा. चोर नदीकडून आले हे खरंच होतं. आपला शब्द आजवर कोणी मोडलेला नाही. रूपसिंगही सुटेल आणि झाकलेलंही झाकलेलं राहील. चालता चालता त्याला ही वाट इतकी सरळ वाटली की ओट्याजवळ पोहोचेपर्यंत त्याने पहिलीचा विचारच सोडून दिला.

त्याने ठणकावून सांगितलं. चार माणसं, नदीतून आली, नदीत गेली, रूपसिंगचा पाय त्यांच्यात नाही, मी स्वतः माग काढला.

रतिलालभाईंनी मान हलवली. वजन अजून होतं.

योगेंद्रचा चेहरासुद्धा मोकळा झाला. त्याच्या मनात रूपसिंगबद्दल वाईट नव्हतं, त्याला चोर पाहिजे होते. तो खिशातून मोबाईल काढत म्हणाला, "बरं झालं आबा. पोरं तुडवाना आधी मी पावलांचे फोटो काढेल शेतस. यातलं नदीकडलं कोणतं ते दाखाडा. तेच फौजदारले पाठाडतो. रूपसिंगले आत्ता सोडतो."

त्याने मोबाईल भिलाच्या हातात दिला.

भिलाने तो तळहातावर घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. त्याच्यापुढे नुसता एक उजळ चौकोन होता. दोन वर्षांची सवय होती म्हणून बोट आपोआप पुढे गेलं. त्याने काचेवर बोट फिरवलं, टाच शोधली, चवडा शोधला. काच गुळगुळीत होती. बोट फिरलं तसा फोटो सरकला, दुसरा आला, तोही सरकला. भिलाला ते कळलं नाही. सगळे वाट बघत होते. कधीतरी त्याला आठवलं असेल की मला येत नाही असं म्हणता येतं, आपण कितीदा म्हटलं आहे. आज तेवढं म्हणायचा धीर झाला नाही.

"हाऊच," तो म्हणाला. "हाऊ नदीकडला गडी. टाच दखा कशी भरेल शे."

शेजारच्या पोराने वाकून पाहिलं आणि त्याला हसू आवरेना.

"आबा, हाऊ तर केक शे. रुचिकाना वाढदिवसना."

रुचिका ही योगेंद्रची लेक. ओटा हसून लोटपोट झाला. कोणी म्हणालं केकची टाच भरलेली आहे खरी. योगेंद्र हसला नाही. त्याने भिलाच्या डोळ्यांसमोरून हात नेला, परत आणला. मग रतिलालभाईंकडे पाहिलं. हसणं हळूहळू थांबलं.

"किती दिन व्हयनात, भिला?" रतिलालभाईंनी विचारलं.

"दोन साल."

आणि मग भिलाने सगळं सांगितलं. शिबिर, शपथ, रात्रीच्या फेऱ्या, पहाटेचं बोटांनी वाचणं. जे घरून निघताना दोन वाक्यांत सांगता आलं असतं ते आता तो परत परत सांगत होता. हात जोडत होता. रूपसिंगचा पाय त्या घमेल्याखालच्या पावलाशेजारी ठेवून पाहा म्हणत होता. कोणी त्याला अडवलं नाही. रतिलालभाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांना राग आलेला नव्हता, हे आवाजावरून भिलाला कळलं, आणि तेच वाईट होतं.

ते म्हणाले, "म्हणजे चार माणसं आन नदी, हाई सगळं तुले रूपसिंगनीच सांगं. आन तू आमले."

बोलणं खरं होतं.

पोलीस ठाण्यातून जमादार आले. योगेंद्रच्या फोटोंत नुसते बुटांचे ठसे होते, ते कोणाचे हे सांगणारा पगी आता उरला नव्हता. एक पाऊल जुळलं नाही म्हणून बाकीच्या तिघांत हा नव्हता असं कसं म्हणायचं, ते म्हणाले. त्यात चूक काही नव्हती. तरी भिलाच्या आग्रहावरून ते व्हॉल्व्हपर्यंत गेले. खत टाकायला आलेल्या बायांनी घमेलं उचलून नेलं होतं आणि त्यांच्याच पायांखाली तो चिखल मळला गेला होता.

रूपसिंगला गाडीत घालून नेलं. मोगी गाडीमागे गावाबाहेरच्या त्यांच्या वस्तीपर्यंत धावली.

तो साडेतीन महिने आत होता. तो आत असताना पलीकडच्या शिवारात दोनदा केबली गेल्या. भिला काठी टेकत योगेंद्रकडे गेला आणि म्हणाला, आता तरी बघा, रूपसिंग तर आत आहे. योगेंद्रने त्याला खुर्ची दिली, चहा दिला. टोळी मोठी असेल आबा, म्हणाला. वाईट वाटून म्हणाला. सोसायटीची बैठक झाली, रखवालदाराची जागा बंद झाली, खोली पावसाळ्याआधी रिकामी करायचं ठरलं. रतिलालभाईंनी त्यातल्या त्यात एक महिना वाढवून दिला. भिला वस्तीत मोगीच्या पडवीत येऊन पडला. मोगी भाकरी पुढे सरकवायची, बोलायची नाही. वस्तीतलं कोणीच बोलायचं नाही. दुसऱ्या गावचे लोक पूर्वी माग काढायला बोलवायचे, तेही आता येईनात. केकची गोष्ट हायवेवरच्या विसरवाडीपर्यंत पोहोचली होती, ट्रकवाले चहा पिताना सांगत.

जुलैत रूपसिंग जामिनावर सुटला. खटला उभाच होता, तारखा पडायच्या होत्या. गावात त्याला केळी कापायला कोणी लावेना. आठवड्याभरात त्याने ठरवलं, गुजरातेत बारडोलीकडे कामाला जायचं. सकाळी जीप आली. मोगीने भांडी-गोधड्या टाकल्या, पोरीला वर चढवलं. रूपसिंग पडवीत आला आणि काकाजवळ टेकला. घरी आल्यापासून दोघांत त्या दिवसाबद्दल एक अक्षर निघालं नव्हतं.

"काका," तो म्हणाला, "माले राग नही. मी शपथ लेल व्हती, मी बोलतू नही. फक्त तू सांगशी म्हणीसन तुन्हाकडे दखी ऱ्हायंतू. सगळा टाइम."

भिलाने तोंड दुसरीकडे फिरवलं.

"माले दखायनं नही रे," तो म्हणाला.

रूपसिंगने काकाच्या पायांना हात लावला आणि उठला. जीप वस्तीतून निघाली, डांबरी रस्त्याला लागली. आवाज जाईपर्यंत भिला तसाच बसून होता. त्याला त्या दिवशी ओट्यावर काही दिसलं नव्हतं हे खरं. पण आपल्यावर कोणाची नजर खिळली आहे ते कळायला डोळे लागत नाहीत, आणि ते त्याला पोहोचल्या क्षणीच कळलं होतं, मोबाईल हातात येण्याच्या कितीतरी आधी.