देवीच्या दारी न विकलेले डोळे

अन्याय झाला तो माझ्या आईवर, मीराबाईवर. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीजवळच्या आमच्या गावातल्या एका खासगी दवाखान्यात. डॉक्टरांनी डोळ्यावर बॅटरीसुद्धा मारली नाही. "डोळे आलेत," म्हणाले, थेंब दिले. महिनाभर ते थेंब मीच माझ्या हातानं टाकत राहिले, हेही लिहायला हवं. डावा डोळा लालच. उजेड खुपायचा म्हणून आई दार लावून बसायची. एक दिवस म्हणाली, "तुया तोंडावर धुकं दिसते वं."

घटस्थापनेला तिनं हट्टच धरला, चंद्रपूरच्या महाकालीला चांदीचे डोळे वाहायचे. नवसाविरुद्ध पत्रकं लिहिणारी मी. तरी भीतीपोटी तिच्यासोबत एसटीत बसले.

देवळाबाहेर चांदीचे डोळे विकणाऱ्या म्हातारीनं आईचा डोळ्यावर ओढलेला पदर बाजूला केला, निरखून पाहिलं आणि डबी झाकली.

"मी तुले डोळे विकत नाई."

"काऊन वं बाई?" आई रडकुंडीला आली.

"बुबुळाभोवती लाल आहे, उजेड सोसत नाई. माया भावाचं असंच होतं. आम्ही डोळे वाहिले अन् बसलो, त्याचा डोळा गेला. आधी डॉक्टरले दाखव. देवी कुठी पळून नाई जात." मग माझ्या पिशवीतल्या पत्रकांकडे पाहून, "अन् तू वं, गावाले पॉम्प्लेट वाटून राह्यली, मायले मोठ्या दवाखान्यात न्यायले काय झालं?"

त्याच दुपारी चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात कळलं, डोळा आतून सुजला होता, बाहुली आतल्या भिंगाला चिकटू लागली होती. औषध सुरू झालं. कारण विचारलं तर तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "माहीत नाही. अशी सूज असलेल्यांच्या आणि धडधाकट माणसांच्या रक्तात कोणती जनुकं जागी, कोणती निजलेली, तो फरक आम्ही शोधतोय. त्यासाठी धडधाकट रक्तही लागतं, ते द्यायला कोणी येत नाही." मी भांडायला शिकलेली. 'माहीत नाही' मला कधी सोसलं नव्हतं. त्या दिवशी रक्त द्यायला बाही वर केली.

धुकं विरळ झालंय, गेलं नाही. सूज परत येईल का, कोणी सांगत नाही. रोज सकाळी आईसमोर माझा चेहरा नेते, धुकं किती ते विचारते, आणि ती काय म्हणेल याची वाट पाहताना हात आपोआप जुळतात. ती देवी होती की म्हातारी, यावर मी वाद घालत नाही. माझ्या हातून चुकलं, कुणीतरी सांभाळलं.

तुम्ही हे शाबूत डोळ्यांनी वाचताय. घरात कुणाचा डोळा लाल असेल, उजेड सोसत नसेल, तर त्याला आजच घेऊन निघा. आणि अभ्यासासाठी तुमचं रक्त मागितलं, तर कशासाठी ते खुशाल विचारा, पण बाही वर करा.