तपकिरी सवत

नवऱ्यावर संशय घ्यायचा तर बाईनं निदान आवाज तरी शाबूत ठेवावा, हे मला सुलतान बाजारात भर दुपारी कळलं. हसू नका, चहा घ्या, सांगते!

आमच्या ह्यांना दमा, लग्नाच्या आधीपासूनचा. खिशात कायम निळा पंप. धाप लागली की दोनदा ओढायचा, झालं. तो पंप सासूबाईंना ठाऊक, आमच्या अख्ख्या गौलीगुडा मोहल्ल्याला ठाऊक!

पण त्या वर्षी ह्यांची लक्षणंच बदलली. निळा पंप आठवडेच्या आठवडे खिशातून निघेना. जिना एका दमात चढायला लागले. शीळ वाजवायला लागले हो! पन्नाशीचा सरकारी माणूस आणि शीळ? मला सांगा, माणूस असा उगाच बरा होतो का?

ठेवली पाळत. रोज सकाळी न्हाणीघराला आतून कडी, मग 'फुस्स, फुस्स', आणि पाठोपाठ खळाखळा चुळा. एकदा हे ऑफिसला गेल्यावर शोधलं, तर आरशामागे तपकिरी पंप! औषध तर निळं असतं, मग हे काय?

तेव्हा घरात नुकतीच केबल आली होती. तिच्यावरच्या जाहिरातीत एक गुळगुळीत बाप्या तोंडात सुगंधी फवारा मारायचा आणि बाया त्याच्या गळ्यात पडायच्या. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. परदेशी कंपन्या तेव्हा वाटेल त्या डबीत वाटेल ते विकत होत्या!

रडले मी. खरंच रडले. मग म्हटलं, असेल ती सटवी कोण असेल ती, आपण काय कमी आहोत? मीही रोज गुपचूप फवारायला लागले. वास काही येईना, म्हणून दोनाचे चार केले. थोड्याच दिवसांत माझा आवाज बसला. मला वाटलं, रडून बसला.

एका दुपारी हे "आलोच" म्हणत निघाले. मी ती तपकिरी डबी पर्समध्ये टाकली आणि मागोमाग. बघते तर हे सुलतान बाजारातल्या औषधाच्या दुकानात, म्हाताऱ्या मालकाशी भांडतायत! "मियाँ, महिनाभर का पंप पंधरा दिन में खतम? आधा भर के देते क्या?"

मी तरातरा जाऊन डबी काउंटरवर आपटली. "ये खुशबू कायकू? कोण आहे ती?" गरजायचं होतं हो! निघाली नुसती खरखर.

मालकानं डबी पाहिली, मला पाहिलं. "अम्मा, खुशबू नक्को, दमे की दवा है ये. नीला तकलीफ हुई तो मारने का, ये तकलीफ नै होना बोलके रोज मारने का. बाद में कुल्ली करना, नै तो गला बैठता." मग चूळ भरल्याची खूण करत हळूच, "आप कुल्ली नै करे क्या?"

हे माझ्याकडे वळले. "म्हणजे पंप तू संपवलास?"

"मला सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगू? रोजचं औषध म्हटलं की 'सवय लागेल' म्हणून फेकून देतेस!"

खरं होतं. दोनदा फेकलं होतं मी.

परत येताना हे मध्येच थांबले. "एक सांग. तू तोंडाला सुगंध कुणासाठी मारत होतीस?"

"तुमच्यासाठीच हो!" मी जीव तोडून ओरडले.

"काय? कुणासाठी?"

शब्द फुटेल तर शपथ! गळा सुटेपर्यंत, चांगले दहा दिवस, आमच्या घरात संशयित मी होते.