निळ्या रंगाखालची तबकडी

सांगलीतलं जुन्या रेकॉर्डचं शेवटचं दुकान महिनाअखेरीला बंद होणार, हे दुकानवाल्या काकांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी साताऱ्याला घरी मेथी निवडत बसले होते. मी किंचाळलेच. "काका, काही म्हणजे काही भंगारात घालू नका! मी उद्या येते!"

समोर बसलेल्या आत्यानं हातातली जुडी खाली ठेवली. बोललेलं तिला ऐकू आलं नव्हतं, पण माझा चेहरा दिसला होता. "कोण गेलं गं?" तिनं विचारलं.

तिच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन मी म्हणाले, "कोणी गेलं नाही. दुकान चाललंय. उद्या सांगलीला जायचं, तूसुद्धा."

"मी कशाला?"

"तुझं माडगं शोधायला."

सत्तरी कधीच ओलांडलेली बाई, पण अशी लाजली की पदराआड तोंड लपवून बसली.

हे माडगं म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात जुनी थट्टा. आत्याचं लहानपण माणदेशातलं, दहिवडीपासून थोडं आत. ती नऊ-दहा वर्षांची असताना तिच्या शाळेच्या बाईंनी मुलींचा एक घोळका मुंबईला नेला होता, हादग्याची गाणी रेकॉर्ड करायला. आमच्याकडे हादग्याला हत्तीचं चित्र मांडून मुली त्याभोवती फेर धरतात, आणि गाणी संपली की खिरापत ओळखायची असते. घरची बाई झाकलेला डबा हलवून दाखवते आणि मुली ओरडतात, लाडू, चिवडा, चकली. रेकॉर्डमध्येही शेवटी हा भाग घ्यायचा ठरला होता. बाईंनी एकेकीला एकेक पदार्थ वाटून दिला. आत्याच्या वाट्याला करंजी आली.

पण पोर घरापासून पहिल्यांदाच लांब गेलेली. परक्या घरचं जेवण घशाखाली उतरेना, आईची आठवण येई. तिची पाळी आली आणि ती करंजी विसरली. पोटातून जे आलं ते ओरडली, "माडगं!"

हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं ही आमच्या दुष्काळी भागातली रोजची न्याहारी. ते खिरापतीत कधीच नसतं, आणि डब्यात घालून हलवलं तर सगळ्यांच्या अंगावर सांडेल. मुली खो खो हसत सुटल्या. रेकॉर्डवाल्या साहेबालाही हसू आवरेना. तो म्हणाला, राहू दे, असंच राहू दे. ते तसंच राहिलं, असं आत्या म्हणते.

ती एकटीच म्हणते, हीच तर अडचण. रेकॉर्डवर मुलींची नावं नव्हती. तिला मिळालेली एकुलती एक प्रत गावच्या लाउडस्पीकरवाल्यानं कुणाच्या तरी लग्नात वाजवायला नेली ती परत आलीच नाही. पुढे तोही आपलं सामान विकून मुंबईला गेला. माझे वडील, म्हणजे तिचे धाकटे भाऊ, तिला शेवटपर्यंत चिडवत राहिले. "आक्का, तू मुंबई बघितलीस का सपनात गेलतीस?" घरात कुणी पाहुणा आला की हा किस्सा निघायचा, सगळे हसायचे आणि आत्याही हसायची. पण मला ठाऊक आहे, पाहुणे गेल्यावर ती गप्प व्हायची.

आता तिचा उजवा कान पूर्ण गेलाय. डावाही झपाट्यानं उतरतोय, आणि तो थांबणार नाही असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय. मशीन आहे, पण त्यातून गाणं ऐकलं की भांडी घासल्यावानी वाटतं, असं ती म्हणते. म्हणून मला घाई होती. ती रेकॉर्ड सापडायला हवी होती, आणि तिला ऐकू येतंय तोवर सापडायला हवी होती.

शोधायला मी काही कमी केलं नव्हतं. कॉलेजसाठी सांगलीत राहायला गेले तेव्हापासून मला या दुकानांचं वेडच लागलं. तेव्हा सांगलीत अशी दोन-तीन दुकानं होती, कराडला एक होतं, साताऱ्यात जुन्या स्टँडमागे एक अंधारा गाळा होता. तिथं शिरलं की धुळीनं नाक चोंदायचं आणि मला कोण आनंद व्हायचा! बोटांनी रेकॉर्डी सरकवत तासन्‌तास उभं राहायचं, नाव वाचायचं, पुढची सरकवायची. हळूहळू एकेक शटर पडत गेलं. साताऱ्याच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात, कराडच्या दुकानात मोमो मिळतात. गंमत म्हणजे रेकॉर्ड ऐकणारे संपलेले नाहीत. पुण्यात तरुण मुलंमुली नव्या कोऱ्या रेकॉर्डी मिरवत असतात. पण जुन्यातला चांगला माल आता मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये फोटो पडताच विकला जातो, आणि दुकानात उरतो तो कुणाला नको असलेला ढीग. त्या ढिगावर दुकान कसं चालणार? मला याचा राग येतो, आणि मी स्वतः त्या ग्रुपमध्ये आहे याचाही येतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळीच गाडी काढली. कराड मागे पडलं तसा माझा उत्साह ऊतू जायला लागला. मी आत्याला सांगत होते की आज शेवटची संधी, प्रत्येक रेकॉर्डवरचं नाव न् नाव वाचणार. तिनं कानाचं मशीन नीट केलं आणि म्हणाली, "आगं, त्यावर नाव कुठलं वाचायला मिळतंय?"

"म्हणजे?"

"रंग फासायचा की तो! लाउडस्पीकरवाला. जत्रंला दोन-तीन लाउडस्पीकर यायचं, रेकॉर्डी एकमेकांत मिसळायच्या, मग भांडणं. म्हणून ज्यानंत्यानं आपला रंग लावून ठिवायचा, पार मधल्या कागदावर. आपल्या गाववाल्याचा निळा. बैलगाडीला लावतात न्हवं, तसला. त्याचा कर्णा बी निळाच हुता."

मी गाडी चक्क रस्त्याच्या कडेला घेतली. "आत्या, हे तू मला आज सांगतेस?"

"तू कवा इचारलंस?"

खरंच होतं. मी इतकी वर्षं नावं वाचत फिरले होते! आणि त्या प्रत्येक दुकानात एक रंगीत ढीग असायचा, लाल, हिरवा, पिवळा, नावावरून ब्रश फिरवलेला, म्हणून कुणी हात न लावलेला. मीही न लावलेला. काकांच्या दुकानातही तो होता, मागच्या भिंतीशी, पोत्याखाली. मला तो डोळ्यांसमोर दिसायला लागला आणि मी गाडी थेट सांगलीपर्यंत दामटली.

दुकानात पोचलो तर काका खुर्चीवर चढून फळ्या उतरवत होते. काका म्हणजे पांढरी दाढी, पांढरा सदरा आणि चिडका आवाज. गिऱ्हाइकानं रेकॉर्ड चुकीची धरली तरी ओरडणार, आणि वाजताना कुठं सुई अडकली की झडप घालून उचलणार. "खड्ड्यात घालू नगा! सुई एका जागी अडकून फिरली की खाच झिजून रेकॉर्ड मरती," हे वाक्य मी त्यांच्याकडून किती वेळा ऐकलं असेल. वर्षानुवर्षं जाऊनही मला त्यांनी कधी सुईला हात लावू दिला नव्हता.

"काका, रंगीत ढीग कुठाय?"

"आवं ताई, त्यो कचरा हाय. दुपारी टेंपो येणार हाय न्यायला."

"टेंपोला थांबवा!" मी एवढ्या मोठ्यांदा म्हणाले की समोरचा चहावाला बाहेर येऊन बघायला लागला.

काकांना सगळी हकीकत सांगितली. हादगा, मुंबई, करंजी, माडगं. ऐकता ऐकता ते खुर्चीवरून उतरले, आत्यासाठी स्टूल पुसून ठेवलं आणि स्वतः पोती बाजूला केली. आम्ही दोघं फरशीवर बसलो. लाल बाजूला, पिवळ्या बाजूला, हिरव्या बाजूला. माझे हात काळे झाले. आणि मग एक निळी निघाली.

"निळी!" मी ओरडले.

आत्यानं ती हातात घेतली, तिच्यावरून बोट फिरवलं. "हाच रंग," ती म्हणाली. "आपल्याच गावचा."

मग एकापाठोपाठ निळ्या निघतच गेल्या. निळा रंग तसाच चकचकीत, आणि प्रत्येकीच्या रंगावर खिळ्यानं कोरलेलं एकेक चित्र. एकीवर घुंगरू, एकीवर टाळ, एकीवर मुंडावळ्या बांधलेलं तोंड. आत्याला लगेच उमगलं. "त्याला वाचता येत न्हवतं. लावणीला घुंगरू, भजनाला टाळ, लगीन लागलं की मुंडावळ्या. कसा डोकं लावायचा बघ!"

आता मला फक्त एक चित्र हवं होतं. मी अधाशासारखी एकेक निळी उलटत होते. कलश, फेटा, बाळाचा पाळणा. ढीग संपत आला. अगदी तळाशी शेवटची निळी होती. तिच्यावर चार पायांचं काहीतरी कोरलं होतं.

"म्हैस," काका म्हणाले.

माझा चेहरा पडला. लोकगीतांची कुठली तरी, म्हशीवरची गाणी असतील. मी ती बाजूला ठेवणार तेवढ्यात आत्या स्टुलावरून उठली, वाकून बघितलं आणि काकांच्या खांद्यावर चापटच मारली.

"म्हैस कुठली? सोंड बघा की वो! हत्ती हाय, हत्ती!"

हादग्याचा हत्ती! मी आत्याला मिठी मारली, तिचं मशीन कुई कुई करायला लागलं. काकांनी मात्र तबकडी उजेडात धरली आणि ते गंभीर झाले. मधल्या निळ्या वर्तुळापासून बाहेरच्या दिशेला केसाएवढी चीर गेली होती.

"ताई, ही लाखेची, काचंसारखी ठिसूळ. सुरुवात वाजंल. शेवट शेवट चिरंवर सुई आली की भरवसा न्हाई. दोन तुकडं झालं तर मला बोल लावायचा न्हाई."

शेवट म्हणजे नेमकी खिरापत. मी आत्याकडे बघितलं. घरी नेऊन कुणा जाणकाराला दाखवावी, कुठं दुरुस्त होते का बघावं, असं काहीबाही मी बोलायला लागले. आत्यानं मला थांबवलं.

"तवर ह्यो कान ऱ्हायला पायजे न्हवं?" ती म्हणाली. "लावा तुमी."

काकांनी चावीचा फोनो पुढे ओढला, पितळी भोंग्याचा. हा त्यांनी कुणालाच विकला नव्हता. चावी दिली, नवी सुई बसवली, तबकडी सदऱ्याच्या बाहीनं पुसली. आत्यानं मशीन काढून माझ्या हातात दिलं आणि डावा कान भोंग्याच्या तोंडाशी नेला, जवळजवळ आतच घातला. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

आधी नुसती खरखर. मग पेटी, आणि मग मुलींचे आवाज, बारीक, उंच, भरभर पळणारे. आत्याचे ओठ हलायला लागले. तिला शब्द न् शब्द येत होता. ती पायानं फेराचा ठेका धरत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं. मला तर नाचावंसं वाटत होतं. चहावाला दारात येऊन उभा राहिला होता.

गाणं संपलं. एका बाईचा आवाज आला, मुलींनो, ओळखा. टक, टक, चीर वाजायला लागली. काकांचा हात सुईवर टपून होता. लाडू! टक. चिवडा! टक. चकली! टक.

"माडगं!"

एवढासा, भुकेला, खणखणीत आवाज. आणि सुई तिथंच अडकली.

"माडगं! माडगं! माडगं! माडगं!"

चहावाला हसत सुटला. मी ओरडत होते, घरी येऊन मोबाइल ऐकला तर त्यात माझाच आरडाओरडा जास्त आहे. "आत्या, तू! तू आहेस!" आणि आत्या भोंग्यातून कान न काढता, डोळे मिटून म्हणत होती, "व्हय, मीच ती. मीच ती. सांग तुझ्या बाला." माझे वडील जाऊन बरीच वर्षं झालीत. मी म्हणाले, सांगते.

भोंग्यातली पोर ओरडतच होती. रेकॉर्ड मरत होती, हे मला कळत होतं. काकांना तर माझ्याहून जास्त कळत होतं, त्यांचा हात अजून सुईवरच होता. एवढ्यात फोनोचा जोर कमी झाला. तिचा आवाज मंदावत, जाड होत चालला आणि आत्यानं घाबरून डोळे उघडले.

काकांनी सुईवरचा हात काढला आणि चावी फिरवायला घेतली.