तेच प्रश्न पुन्हा

“मंगळवार, ११ मार्च. सकाळी गार वारा. वन्संना इस्पितळातून फोन आला, मागच्या पंधरवड्यातलेच प्रश्न पुन्हा विचारायचे आहेत. वन्संनी चहासुद्धा घेतला नाही.”

रोजनिशीत एवढं लिहून वहिनी खाली आल्या, तर वन्सं शिवणयंत्रापाशी हातपाय गाळून बसलेल्या. त्यांच्या यकृतात विषाणू आहे, हे घरात फक्त वहिनींना ठाऊक होतं. मुलाला, सुनेला पित्ताचा त्रास म्हणून सांगितलेलं. नातवाला त्या उचलत नसत आणि दोष गुडघ्यांना देत.

“वहिनी, माझं खोटं पकडलं त्यांनी. उलटतपासणीच आहे ही.”

इस्पितळानं परक्या भाषेतली या आजाराची प्रश्नावली मराठीत आणली होती आणि तिथले लोक ती रुग्णांना वाचून दाखवत होते. घरच्यांना आपल्यामुळे आजार होईल अशी भीती वाटते का, या प्रश्नाला वन्संनी ‘कधीच नाही’ म्हणून ठोकून दिलं होतं. हो म्हटलं तर घरी कळवतील आणि मुलगा बाळाला घेऊन वेगळा राहील, हा धसका. आता रिक्षात त्या जुनी उत्तरं पुटपुटत होत्या.

“वन्सं, परीक्षेला निघाल्यासारखं काय करताय?” वहिनी म्हणाल्या. वन्संना हसू आलं नाही.

प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी आधीच सांगून टाकलं, की पारख प्रश्नांची चालली आहे. तब्येत तशीच असताना दोन्ही वेळची उत्तरं जुळली, तर मराठी प्रश्न भरवशाचे. घोकलेली उत्तरं मात्र काही कामाची नाहीत.

तोच प्रश्न आला.

“भीती वाटते,” त्या म्हणाल्या. “रोज वाटते. मागच्या वेळी मी खोटं बोलले.”

बाईंनी लेखणी खाली ठेवली आणि डॉक्टरांना बोलावलं. मांडीवर घेतल्यानं हा आजार जात नाही, डॉक्टर म्हणाले. रक्ताचं तेवढं सांभाळा, सुई टोचली तर बोटाला पट्टी लावा. पण घरच्यांची तपासणी हवी. “आम्ही कळवणार नाही. तुम्हीच सांगा.”

परतताना वन्संनी वहिनींचा हात सोडला नाही. घरी त्यांनी सुनेला सगळं सांगितलं. सुनेनं एवढंच विचारलं, की तपासणीला उपाशीपोटी जायचं का.

संध्याकाळी वहिनींनी लिहिलं, “बाळाला आज वन्संनी न्हाऊ घातलं. कानामागचा साबण राहिला.”