भिकाजीबुवांच्या चाली आणि मंडळाचा कॉम्प्युटर

धूळ आणि किस्से यांत एक साम्य आहे. दोन्ही न बोलावता येतात आणि कोपऱ्यात साचत राहतात. धूळ निदान ब्रशने निघते. किस्से मात्र झटकू गेले की चार माणसांत उडतात! पिंपळगाव राजातील आमच्या भजनी मंडळाचे निम्मे किस्से एका जुन्या कॉम्प्युटरभोवती साचले आहेत.

माझ्या मुलाने नवा घेतला, तेव्हा हा जुना आमच्या देवघराशेजारच्या खोलीत आला. भिकाजीबुवा हे आमचे मुख्य गायक. संतांच्या अभंगांना त्यांनी स्वतः बांधलेल्या चाली दुसऱ्या कोणालाही धड येत नाहीत. मुलाने त्या हौसेने याच कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. पुढे बुवांच्या गळ्याचे ऑपरेशन झाले. हळूहळू गायला हरकत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. पण बुवांनी गाणे सोडून टाळ हाती घेतले ते घेतलेच.

"फुटक्या घंटेनं आरती करू नये," एवढेच ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

तेव्हापासून कॉम्प्युटर गातो आणि मागे आम्ही म्हणतो. साहजिकच त्याची प्रकृती सांभाळणे ही मंडळाची सेवा झाली.

•

दसऱ्याला आमचे पखवाजी श्रीरामभाऊ यांनी त्याची यथासांग पूजा केली. हळद, कुंकू, अक्षता, आणि अगदी हवेच्या जाळीपाशी उदबत्ती. थोड्याच दिवसांत आतला पंखा घरघरू लागला. दुरुस्तीवाले सलीमभाई आले. त्यांनी डबा उघडून तिरपा केला, तर अक्षतांची लहानशी रास खाली पडली. पंख्यावर काजळीचा थर होता, तो वेगळाच.

"काकाजी, उदबत्ती देवापुढं लावा," ते मला म्हणाले. "याच्या नाकात काऊन घालता?"

श्रीरामभाऊ शांतपणे म्हणाले, "मागच्या वर्षीच्या असतीन त्या. औंदा म्या कमी वाह्यल्या."

आता दर शनिवारी वीज बंद करून कोरड्या ब्रशने पूजा होते.

•

मग त्याचे घड्याळ मागे पडले. रोज सुरू केला की कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दाखवी. मुलाने त्यात पंचांगही घालून दिले होते. ते पाहून श्रीरामभाऊंनी एकादशीचा कडकडीत उपास धरला. संध्याकाळी मी त्यांना भीत भीत सांगितले की आज पंचमी आहे.

क्षणभर विचार करून ते म्हणाले, "मंग एखांदा जुना राह्यलेला फिटला."

सलीमभाईंनी आत नाण्याएवढी नवी बॅटरी बसवली आणि मंडळाचे उपास पुन्हा तिथीवर आले.

•

त्यानंतर कॉम्प्युटर मंद झाला. क्लिक केल्यावर एक आरती म्हणून व्हावी, इतका! मोबाइलवर रोज सकाळी येणारी देवांची चित्रे आमच्या मंडळींनी श्रद्धेने त्यात साठवली होती. तिळभर जागा उरली नव्हती. नको ती काढा, असे सलीमभाईंनी सांगितले. पण पडद्यावरच्या कचरापेटीत गणपतीला टाकणार कोण?

शेवटी श्रीरामभाऊंनीच तोड काढली. हात जोडून त्यांनी उत्तरपूजा केली, "पुनरागमनाय च" म्हणाले आणि बटण दाबले.

अर्थ कळताच सलीमभाई घाबरले. "काकाजी, परत या म्हणू नका यायले! मोठ्या मुश्किलीनं जागा झाली."

•

यंदा हार्ड डिस्क टिकटिकू लागली. सलीमभाईंनी कान लावून ऐकले आणि हिचा भरवसा नाही, सगळे लवकर दुसरीकडे उतरवून घ्या, असे बजावले. पेन ड्राइव्हवर एकेक चाल उतरू लागली, तसा आमचा जीव भांड्यात पडत गेला. राहिली ती एकच, भजनाच्या शेवटची भैरवी. ती दर वेळी निम्म्यावर अडे. बुवा सगळे पाहत होते.

नुसती वाजवून पाहू, चालली तर मोबाइलवर रेकॉर्ड करून घेऊ, असा मार्ग सलीमभाईंनी सुचवला. म्हणून गुरुवारच्या भजनात त्यांनी स्वतःचा मोबाइल स्पीकरपाशी ठेवला. भैरवी सुरू झाली. पहिला चरण झाला, दुसरा झाला. तिसऱ्या चरणाच्या मध्यावर कॉम्प्युटर अडकला, एकाच स्वरावर थरथरला आणि गप्प झाला.

टाळ थांबले. पुढची चाल आमच्यापैकी कोणालाच धड येत नव्हती. सलीमभाईंनी कॉम्प्युटर पुन्हा सुरू करण्यासाठी हात पुढे केला.

बुवांनी त्यांचे मनगट धरले. डोळे मिटले. आणि त्या चिरलेल्या गळ्यातून, खालच्या पट्टीत, तिसरा चरण जिथे तुटला होता तिथूनच पुढे निघाला. श्रीरामभाऊंची थाप आपोआप पखवाजावर पडली. आम्ही ध्रुवपद उचलले.

अभंग संपला. बुवांनी डोळे उघडून सलीमभाईंकडे पाहिले.

"मोबाइल चालू हाये ना? मंग पहिल्यापासून घेतो."