१६७ मधला एक

विभाताईंच्या शिलाई मशिनशेजारी एका डब्यात कापडी आकडे असतात. टोकियोतल्या निशी-कसाईहून दोन गाड्या बदलून त्या या दुकानात येतात आणि एका व्यावसायिक बेसबॉल संघाच्या दुय्यम चमूचे शर्ट शिवतात. नवऱ्याच्या नोकरीपायी पुणं सोडून नऊ वर्षं झाली. त्यातली सहा याच खुर्चीत गेली. खेळाडू आला की आकडा शिवायचा, गेला की उसवायचा. हल्ली उसवताना मान फार दुखते.

पाठीवर तीन आकडे म्हणजे सरावाच्या करारावरचा खेळाडू. मुख्य यादीत जागा सत्तरच. तिथे नाव लागलं की आकडे दोन होतात, आणि त्यासाठी शेवटचा दिवस एकतीस जुलै. १६७ नंबरच्या मोरिताचं हे तिसरं वर्ष. यंदा नाव लागलं नाही, तर हंगाम संपल्यावर घरी.

जूनपासून तो सुरेख खेळत होता. जागा एक उरली होती, ६७ नंबरही मोकळा होता. ऐनवेळी घाई नको म्हणून विभाताईंनी तीस तारखेलाच त्याच्या शर्टावरचा एकचा आकडा उसवून टाकला. उरलेले आकडे मधोमध सरकवायचं काम उद्यावर ठेवलं.

एकतीसच्या दुपारी मालक कुबो-सान फोन ठेवून म्हणाले, "विभा-सान, नवा शर्ट घ्या. दुसऱ्या संघातून चेंडू टाकणारा पिचर आणलाय. नंबर ६७."

"आणि मोरिता?"

"त्याचा आहे तोच."

"त्याचा एक मी कालच काढला."

कुबो-साननी चष्मा काढला. "आता खेळाडूही तुम्हीच निवडता का?"

विभाताई डब्यात एकचा आकडा शोधत होत्या, तेवढ्यात मोरिता शर्ट न्यायला आला. त्याला कळलं होतं. नेहमीसारखा मोठ्याने नमस्कार केला नाही. शर्ट टेबलावर पालथा पडला होता. उजवीकडे ६७, डावीकडे नुसती सुईची भोकं.

"चुकलंच माझं, मोरिता-सान. मला वाटलं होतं..."

"मलाही," तो म्हणाला. मग स्टूल ओढून बसला. "पक्का शिवा हं. मागे एकदा मैदानावर घसरताना आकड्याचा कोपरा निघाला होता. उद्या सामना आहे."

विभाताईंनी दोरा ओवला. जुन्या भोकांवरून एकदा शिवलं, मग पुन्हा एकदा. मानेतली कळ खांद्यात उतरली. पिचरचा कोरा शर्ट त्यांनी टोपलीत टाकला. आज त्यासाठी वेळ मिळणार नव्हता.